सोबतीने करून पाहू

(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)





अशा मेळाव्यात गुणवंतांचा सत्कार होतो, आणि तो व्हायलाच हवा. परंतु आज मी आपली परवानगी घेऊन अशा मुलामुलींविषयी बोलणार आहे, ज्यांचे नाव व्यासपीठावरून सहसा पुकारले जात नाही. त्यांपैकी काही आज या सभागृहात नाहीतही. पाहुण्यांपुढे काहीतरी वेडेवाकडे करतील या धास्तीने घरच्यांनी त्यांना घरीच ठेवले आहे.

मी आयुष्यभर विज्ञान शिकवले, म्हणून आरंभी माझीच एक चूक आपल्यापुढे कबूल करतो. फार वर्षांपूर्वी माझ्या वर्गात एक मुलगा होता. कर्जत स्टेशनातून घाट चढणाऱ्या कोणत्या गाडीला मागून बँकर इंजिने लागतात, कोणती गाडी किती मिनिटे थांबते, हे सारे त्याला तोंडपाठ होते. पण कोणी 'कसा आहेस?' असे विचारले, तर तो खिडकीकडे पाहत राही. तास चालू असता मध्येच उठून गाडीची वेळ सांगे, आणि मुले हसत. एकदा प्रयोगशाळेत एक भांडे खाली पडले. त्या आवाजाने तो दोन्ही कान दाबून ओरडला. मी त्याला शिस्त लावायची म्हणून बाहेर उभे केले, आणि पुढे वर्षभर 'कशालाही हात लावू नकोस' अशी ताकीद देऊन शेवटच्या बाकावर बसवले. नववीनंतर तो शाळेत आला नाही. त्याच्या अब्बांनी कारण सांगितले नाही आणि मीही विचारले नाही.

पुढे स्वमग्नता हा शब्द माझ्या वाचनात आला, तिची लक्षणे वाचली, आणि मला तो मुलगा आठवला. जो मुलगा प्रयोगशाळेतच सर्वांत चांगला शिकला असता, त्यालाच मी प्रयोगशाळेबाहेर ठेवले होते. आजचे हे भाषण म्हणजे त्या चुकीची थोडीफार भरपाई समजा.

स्वमग्नता, म्हणजे ज्याला डॉक्टर ऑटिझम म्हणतात, ती काय आहे? १९४३ साली अमेरिकेत लिओ कॅनर या बालमनोविकारतज्ज्ञाने अकरा मुलांचे वर्णन प्रसिद्ध केले. पुढच्याच वर्षी व्हिएन्नात हान्स ॲस्पर्गर यांनी तशाच काही मुलांविषयी लिहिले. तेव्हापासून झालेल्या संशोधनाचे सार असे की, या मुलांच्या मेंदूची घडण लहानपणापासूनच थोडी निराळी असते. इतरांच्या चेहऱ्यावरचे भाव, बोलण्यातला आडवा अर्थ, थट्टामस्करी त्यांना सहज उमगत नाही. एखाद्या विषयाची आवड अतिशय खोल असते. ठरलेला क्रम मोडला की जीव घाबरा होतो. आवाज, उजेड, वास, स्पर्श यांतले काहीतरी सोसवत नाही. कोणी मुळीच बोलत नाही, कोणी पुस्तकातल्यासारखे शुद्ध बोलतो. दोन स्वमग्न मुले एकसारखी नसतात. मुलींमध्ये तर हे पुष्कळदा ध्यानातच येत नाही. मुलगी गप्प बसली की आपण तिला गुणी म्हणतो आणि विषय मिटवतो.

आता हे कशाने होत नाही, तेही स्पष्ट सांगतो, कारण या गैरसमजांनी घरे दुभंगली आहेत. आईने माया कमी केली म्हणून हे होत नाही. तसे म्हणणारे विद्वान एके काळी होऊन गेले, पण त्यांचे मत केव्हाच चुकीचे ठरले आहे. लस टोचल्याने हे होत नाही. तसा दावा करणारा १९९८ सालचा लेख छापणाऱ्या नियतकालिकानेच २०१० मध्ये मागे घेतला. नजर लागल्याने किंवा बाहेरची बाधा झाल्याने हे होत नाही. आणि 'लग्न करून द्या, सुधारेल' हा सल्ला तर दोन आयुष्यांशी खेळ आहे. हा ताप नाही की औषध दिले आणि उतरला. मूल असे आहे, असेच राहणार आहे. परंतु ते शिकू शकते, वाढू शकते, आणि त्याला माणसांत जागा मिळू शकते.

पालकहो, या ठिकाणी मला हजरत अब्दुल्लाह इब्न उम्मे मकतूम यांची आठवण होते. ते दृष्टिहीन होते. इल्मच्या ओढीने हजरत पैगंबर (स.अ.) यांच्याकडे आले, तेव्हा तिथे मक्क्याच्या सरदारांशी बोलणे चालले होते. त्या प्रसंगी जी आयते उतरली, ती सूरह अबसामध्ये आहेत, आणि त्यांचा बोध आपण सर्व जाणता: जो शिकण्यासाठी धावत आला आहे, त्याच्याकडे आधी लक्ष द्या. पुढे हेच इब्न उम्मे मकतूम मदिनेत मुअज्जिन झाले. पहाट झाल्याचे त्यांना दिसत नसे. लोक त्यांना सांगत आणि ते फज्रची अजान देत. म्हणजे त्यांची अडचण लोकांनी वाटून घेतली, आणि काम मात्र त्यांचेच राहिले. मला जे म्हणायचे आहे, त्याचा सारा नमुना या प्रसंगात आहे.

लहान वयात ही मुले कशीबशी सामावून जातात. पळापळी, लपाछपी यांत बोलण्याचे फारसे काम नसते. तेराव्या-चौदाव्या वर्षी मात्र मैत्री बोलण्यावर चालू लागते. कट्ट्यावरच्या गप्पा, टोमणे, एकमेकांची गुपिते, मोबाइलवरचे निरोप यांत स्वमग्न मूल मागे पडते. मग ते चेष्टेचा विषय होते, आणि शेवटी घरात बसते. अब्बा आखाती देशात नोकरीला, अम्मी एकटी, आणि मुलगा दिवसभर पंख्याकडे पाहत बसलेला. अशा घरातली अम्मी रात्री कोणता विचार करते, हे मी सांगायला नको. 'आमच्या मागे याचे कसे होईल?' हाच तो विचार.

यावर आपण बहुतेक काय करतो? उपदेश. 'पाहुण्यांशी बोल', 'समोर बघून उत्तर दे', 'मित्र कर'. मित्र कर म्हटल्याने मित्र झाला असता, तर जगात कोणीच एकटे राहिले नसते. माझे म्हणणे इतकेच आहे: मैत्रीचा उपदेश करू नका, दोघांच्या हातांत एक काम द्या. काम असे असावे की ते एकट्याने पुरे होणार नाही. विज्ञानाचे छोटे प्रयोग हे तसे काम आहे.

प्रयोगच का? कारणे चार आहेत. एक, प्रयोगात दोघांचीही नजर वस्तूवर असते. समोरच्याच्या डोळ्यांत पाहण्याची सक्ती टळते आणि बोलणे आपोआप सुरू होते. दोन, प्रयोगाला क्रम असतो. आधी काय, मग काय, शेवट कुठे, हे ठरलेले असते, आणि या मुलांना त्याने धीर येतो. तीन, बोलण्याला खरे कारण मिळते. 'सुई दे', 'थांब, अजून नको', 'माझे एकोणीस झाले, तुझे किती?' ही वाक्ये पाठ करून घ्यावी लागत नाहीत. चार, चूक झाली तर ती प्रयोगाची असते, मुलाची नव्हे. पुन्हा करून पाहता येते.

ही कल्पना माझ्या डोक्यातली नाही. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ डॅनियल लगॉफ यांनी प्लॅस्टिकच्या ठोकळ्यांच्या खेळातून असे गट चालवले आणि २००४ साली त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांच्या पद्धतीत तीन मुले असतात. एकजण नकाशा पाहून सूचना सांगतो, दुसरा नेमका ठोकळा शोधून देतो, तिसरा जोडतो. पहिल्याने स्वतः जोडायचे नाही, तिसऱ्याने नकाशा पाहायचा नाही. मग बोलल्याशिवाय गत्यंतरच उरत नाही. थोड्या वेळाने कामे बदलायची. ब्रिटनमधील शाळांत अलीकडे अशाच गटांची मोठी चाचणी झाली, तीतही फायदा दिसला. तो फायदा लहान होता, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. ही जादू नव्हे, मशागत आहे.

ते महागडे ठोकळे आपल्याला नकोत. आपल्या महाराष्ट्रात अरविंद गुप्ता यांनी कचऱ्यातून खेळणी आणि खेळण्यांतून विज्ञान हा मार्ग घालून दिला आहे. ते आय.आय.टी. कानपूरचे अभियंते. मध्य प्रदेशात १९७२ साली सुरू झालेल्या होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमात त्यांनी काम केले आणि पुढे पुण्यात 'आयुका'च्या बालविज्ञान केंद्रात अनेक वर्षे मुलांसाठी खेळणी बनवली. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आगपेटीतल्या काड्या आणि सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब एवढ्यावर त्यांनी भूमितीचे सारे आकार उभे केले.

आता आपण चार-पाच प्रयोग पाहू. प्रत्येकात तिघे हवेत: सांगणारा, देणारा आणि करणारा. तिघांपैकी एक स्वमग्न मूल असावे, किंवा दोन.

पहिला, काड्यांचा. काड्यांचा गूल आधी खरवडून टाका. व्हॉल्व्ह ट्यूबचे बोटाच्या पेराएवढे तुकडे करा आणि त्यांच्या टोकांत काड्या खुपसून चौकोन बनवा. तो दाबला की कलंडतो. त्रिकोण बनवा, तो कलंडत नाही. रेल्वेच्या पुलांत आणि विजेच्या मनोऱ्यांत त्रिकोण का दिसतात, ते मुलांना सांगावे लागत नाही. या प्रयोगातून मूल सूचना द्यायला, ऐकायला आणि आपली पाळी येईपर्यंत थांबायला शिकते. ट्यूब मात्र घरून आणून देऊ नका. मुलाला सायकलच्या दुकानात न्या. काय मागायचे, पैसे किती द्यायचे, सुट्टे परत घेतल्यावर काय म्हणायचे, हे कागदावर लिहून द्या आणि आपण दोन पावले मागे उभे राहा. कारण वर्गात शिकलेली गोष्ट ही मुले बाजारात आपोआप वापरत नाहीत. ती बाजारातही शिकवावी लागते.

दुसरा, भाताच्या बियाण्याचा. आपला मुलूख भाताचा. कर्जतच्या संशोधन केंद्राने काढलेली 'कर्जत' नावाची वाणे अनेकांच्या शेतात आहेत. पेरणीपूर्वी बियाणे तीन टक्के मिठाच्या पाण्यात टाकावे, असे कृषी खाते सांगते: दहा लिटर पाण्याला तीनशे ग्रॅम मीठ. पोचट दाणे तरंगतात, भरलेले बुडतात. मुलांनी एक लिटर पाणी आणि तीस ग्रॅम मीठ घ्यावे. मग दोन्ही प्रकारचे शंभर-शंभर दाणे स्वच्छ पाण्याने दोन-तीनदा धुऊन ओल्या फडक्यात ठेवावेत आणि आठवड्याने कोंब मोजावेत. मोजणीत स्वमग्न मुलाचा हात धरणारा क्वचितच सापडेल. पण गंमत पुढे आहे. 'हा जेमतेम फुटलेला कोंब धरायचा की नाही?' यावर तिघांत वाद होईल. होऊ द्या. आवाज न चढवता आपले म्हणणे मांडणे, दुसऱ्याचे ऐकणे, एक नियम ठरवून तो सर्वांनी पाळणे, हे सारे त्या एका कोंबावरून शिकता येते. आणि घरी शेती असेल, तर पुढच्या मृगाला हेच काम त्या मुलाकडे सोपवा. घरच्या कामात आपला वाटा आहे, ही जाणीव कोणत्याही बक्षिसाहून मोठी असते.

तिसरा, अंधाऱ्या डब्याचा. सुमारे हजार वर्षांपूर्वी बसरा येथे जन्मलेले आणि कैरोत राहिलेले इब्न अल-हैसम यांनी प्रकाशाचा कसून अभ्यास केला. 'किताब अल-मनाझिर' हा त्यांचा ग्रंथ पुढे युरोपातही अभ्यासला गेला. बारीक छिद्रातून अंधाऱ्या जागेत येणारा प्रकाश पलीकडे कसा पडतो, हे त्यांनी प्रयोगाने तपासले. आपण पुठ्ठ्याचे खोके घेऊ. एका बाजूला चौकोन कापून त्यावर चकचकीत पातळ पत्रा चिकटवू आणि त्याला टाचणीने छिद्र पाडू. समोरच्या बाजूला तेल लावलेला कागद ताणून बसवू. डोक्यावर चादर घेऊन त्या कागदाकडे पाहिले की अंगणात उन्हात उभा असलेला मित्र उलटा दिसतो. तो हात वर करतो, तेव्हा पाहणाऱ्याला हात खाली जाताना दिसतो. आता जागा बदला. 'मला जे दिसते, ते त्याला दिसत नाही. त्याला काय दिसते, ते त्याला विचारावे लागते.' स्वमग्न मुलाला जी गोष्ट शब्दांनी समजावता समजावता आपण थकतो, ती हे खोके एका दुपारी दाखवून देते. मात्र खोके सूर्याकडे कधीही रोखू नये. ज्याला अंधाराची किंवा अंगावरच्या चादरीची भीती वाटते, त्याला सांगणाऱ्याचे काम द्यावे.

चौथा प्रयोग मूल ज्यात रमते त्याचा. माझ्या त्या विद्यार्थ्याला मी काय द्यायला हवे होते, हे आज मला उमगते. बोरघाटातली रेल्वे १८६३ साली सुरू झाली. तिचा चढ सदतीसाला एक, म्हणजे सदतीस फूट पुढे जाताना एक फूट वर. एक मीटर अकरा सेंटीमीटर लांबीची फळी घेऊन तिचे एक टोक तीन सेंटीमीटर उचलले की बोरघाट तयार. त्यावर खेळण्यातली गाडी चढवा, ओझे वाढवा, पुढून ओढा, मागून ढकला. तो मुलगा सांगणारा झाला असता आणि बाकीचे त्याचे ऐकत बसले असते. मग त्याला नेरळ-माथेरान गाडी दाखवायला नेली असती. अब्दुल हुसैन आदमजी पीरभॉय यांच्या चिकाटीने १९०७ साली सुरू झालेली ती दोन फुटी रुळांची रेल्वे आपल्याच तालुक्यात आहे. ज्या आवडीला आपण खूळ म्हणतो, ते पुष्कळदा या मुलांपर्यंत पोहोचण्याचे दार असते. अमेरिकेतील टेम्पल ग्रँडिन या स्वमग्न विदुषी पशुविज्ञानाच्या प्राध्यापक झाल्या. शाळेतल्या एका विज्ञानशिक्षकाने आपल्या आवडीला हसण्याऐवजी तिला प्रयोगाचे वळण लावले, असे त्या कृतज्ञतेने सांगतात. प्रत्येक मूल टेम्पल ग्रँडिन होणार नाही. 'माय नेम इज खान' हा २०१० सालचा चित्रपट पाहून प्रत्येक स्वमग्न माणूस असामान्यच असतो असेही समजू नये. आपले मूल सामान्य असले, तरी त्याला सोबत हवीच.

पाचवा, सावलीचा. अंगणात एक सरळ काठी उभी रोवा. दर अर्ध्या तासाने सावलीच्या टोकाशी खडा ठेवा. सर्वांत आखूड सावली म्हणजे मध्यान्ह. सूर्य तेथून कलला की जोहरची वेळ सुरू होते. आपल्या कोकणातल्या शाफई जमातीत, मध्यान्हीची सावली वजा जाता सावली काठीएवढी लांब झाली की असरची वेळ होते. हनफी मताप्रमाणे ती दुप्पट व्हावी लागते. मेच्या मध्यावर आणि जुलैच्या अखेरीस, सूर्य अगदी डोक्यावर येतो तेव्हा, आपल्याकडे भरदुपारी काठीची सावली जवळजवळ नाहीशी होते, तेही मुलांना पाहू द्या. जुलैत ढगांनी सवड दिली तर. आणि एखाद्या दिवशी या मुलाने काढलेली वेळ मशिदीतल्या तक्त्याशी ताडून पाहा. ती दोन-चार मिनिटांच्या फरकाने जुळली, की मुअज्जिनसाहेबांनी सर्वांसमक्ष त्याला 'शाबास' म्हणावे. माणसांच्या गर्दीत घाबरणाऱ्या मुलाला जमातीत पाऊल टाकायला याहून चांगले निमित्त कोणते?

हे प्रयोग करताना काही पथ्ये पाळावीत. पायऱ्या चित्रांनी कागदावर काढून भिंतीला लावाव्यात. जे मूल बोलत नाही, त्याला चित्रांची कार्डे द्यावीत. कार्ड दाखवणे हेही बोलणेच आहे. काम किती वेळ चालणार, ते घड्याळावर आधी दाखवावे. खोलीत एक शांत कोपरा असावा आणि आवाज सोसेनासा झाला, तर मुलाने न विचारता तिथे जावे. हात धरून जबरदस्तीने काही करून घेऊ नये. मूल हात हलवत असेल, डोलत असेल, तर त्याने त्याचे मन शांत होते. ते थांबवण्याचा हट्ट नको. आग, आम्ल आणि धारदार हत्यारे दूर ठेवावीत. स्वमग्न मुलांपैकी काहींना फिट्सचा त्रास असतो. तशी शंका असेल, तर डॉक्टरांना आधी विचारावे.

विद्यार्थी मित्रांनो, आता दोन शब्द तुमच्याशी. या साऱ्यात शिकायचे फक्त स्वमग्न मुलालाच आहे, असे समजू नका. डॅमियन मिल्टन या ब्रिटिश संशोधकाने, जो स्वतः स्वमग्न आहे, २०१२ साली एक मार्मिक मुद्दा मांडला. त्याचे म्हणणे असे की, स्वमग्न माणसाला इतरांचे मन कळत नाही हे जितके खरे, तितकेच इतरांनाही त्याचे मन कळत नाही हे खरे. गैरसमज दोन्ही बाजूंनी असतो, पण दोष एकालाच दिला जातो. तुमच्या वर्गात असा मुलगा किंवा मुलगी असेल, तर तुम्ही आडवळणाने बोलू नका, सरळ बोला. चिडवायचे असेल, तर आधी मनात विचारा, की त्याला ही थट्टा आहे हे कळते का? कळत नसेल, तर ती थट्टा नव्हे, तो जुलूम आहे. गटात मुले निवडताना शेवटी उरणारे नाव एकदा सर्वांत आधी घेऊन पाहा.

पालकांनी हक्काच्या चार गोष्टी लक्षात ठेवाव्यात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकारची दिव्यांगता मान्य झाली आहे, आणि तीत स्वमग्नता आहे. दिव्यांगतेचे प्रमाण चाळीस टक्के किंवा अधिक ठरले, तर सहा ते अठरा वर्षांपर्यंत जवळच्या किंवा विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क मिळतो. दहावी-बारावीच्या परीक्षेत जादा वेळ आणि लेखनिक यांसारख्या सवलती आहेत, परंतु त्यांचे अर्ज शाळेमार्फत वेळेत करावे लागतात. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली अठरा वर्षांनंतर पालकत्व नेमून घेता येते, आणि 'निरामय' योजनेत एक लाख रुपयांपर्यंतचा आरोग्य विमा मिळतो. या सगळ्याची किल्ली म्हणजे दिव्यांगतेचे प्रमाणपत्र. जिल्हा रुग्णालय अलिबागला, आणि कर्जत-खालापूरच्या माणसाला ते लांब पडते हे मला ठाऊक आहे. एका दिवसाची मजुरी बुडते. तरीही जा. प्रमाणपत्र घेतल्याने मुलाच्या कपाळी शिक्का बसत नाही. शिक्का बसायचा तो शेजाऱ्यांनी केव्हाच मारलेला असतो. प्रमाणपत्राने निदान हक्क तरी मिळतो.

शेवटी संस्थेकडे माझी एक विनंती आहे. दर रविवारी सकाळी दोन तास एक वर्ग उघडा ठेवावा. तीन स्वमग्न मुले आणि तीन इतर मुले, एक शिक्षक आणि आलटून-पालटून एक पालक. मुलींनाही तितकीच जागा. काड्या, ट्यूब, खोके, भात, मीठ, एवढ्याला फारसा खर्च नाही. ज्या घरांत असे मूल आहे त्यांनी नाव जाहीर करण्याची गरज नाही. मुख्याध्यापकांना एकांतात सांगितले तरी पुरे. आणि मी स्वतः, जोवर हातपाय चालतात तोवर, त्या वर्गात येऊन बसेन. निदान या खेपेला कोणाला बाहेर उभे करणार नाही.

माझ्या त्या विद्यार्थ्याला जे ठाऊक होते, तेच सांगून थांबतो. कर्जतला गाडीला मागून बँकर इंजिने लागतात. ती गाडीच्या पुढे जात नाहीत, आणि गाडीची दिशाही ठरवत नाहीत. चढ आहे तेवढा वेळ मागून जोर देतात आणि लोणावळ्याला सुटून परत येतात, पुढच्या गाडीसाठी. पालकहो, शिक्षकहो, आपले काम याहून निराळे नाही. अल्लाह आपल्या सर्वांना त्याची ताकद देवो.